कोल्हापूरच्या खाली

रंगवहीच्या या कामात सरोजिनी हलगेकरला काय मिळणार होतं ते आधी मांडून घेऊ, म्हणजे पुढे कुणी तिला वीरांगना म्हणायला नको आणि कुणी खुळीही.

मिळणार होतं ते असं : आतल्या पानावर नाव, आणि नावाच्या मागोमाग थोडी माणसं. ऐकायला किरकोळ वाटेल. पण कुवेतमधल्या आमच्या मंगफच्या मराठी मित्रमेळ्यात बाई ओळखली जाते ती पोरावरून. सरोजिनी इतकी वर्षं ‘निखिलची आई’ होती. ‘निखिलच्या आईला सांगा’ म्हटलं की नाचाचे कपडे शिवून व्हायचे, मोदक वळून व्हायचे, पडद्यामागून पोरांना विसरलेले संवाद सांगून व्हायचे. मग निखिल दहावी झाला आणि आखातातल्या रिवाजाप्रमाणे अकरावीला पुण्याला, वसतिगृहात गेला. त्याला विमानात बसवून ती परत आली त्या दिवसापासून ‘निखिलची आई’ हे पद रिकामं झालं. तिला कुणी काढलं नाही. फक्त फोन यायचे थांबले. मेळ्याचे फोन शाळकरी पोरं असलेल्या घरांतच वाजतात; त्यात दुष्टपणा नाही, सोय आहे.

नवरा महादेव एका कंत्राटदार कंपनीत स्टोअरकीपर. उजाडायच्या आत कंपनीच्या बसमध्ये चढायचा, दिवे लागल्यावर उतरायचा. स्टोअरमध्ये दिवसभर त्याला ‘आहे’ आणि ‘नाही’ एवढे दोनच शब्द लागत, आणि तो काटकसरी असल्यामुळे घरीही तेच वापरी.

तेव्हा अठ्ठ्याण्णव सालच्या मार्चमध्ये राजाभाऊंचा फोन आला, तो सरोजिनीने दुसऱ्या घंटीला उचलला आणि उगाच धापा टाकल्या, कामात असल्यासारख्या.

राजाभाऊ म्हणजे मेळ्याचे अध्यक्ष. पुण्याचे, तेल कंपनीत वरच्या जागेवर. त्यांना अध्यक्षपदाची हाव होती असं म्हणणं चूक होईल. ते त्यांच्याकडे होतंच, फक्त जायला नको होतं.

“वहिनी, यंदा एक मे शुक्रवारी आलाय,” ते म्हणाले. “सुट्टीच्या दिवशी महाराष्ट्र दिन! असा योग पुन्हा कधी? पोरांसाठी रंगभरण स्पर्धा ठेवू म्हणतो. एक छानशी रंगवही करायची, ‘रंगवा आपला महाराष्ट्र’. तुमचा हात चांगला आहे असं सगळे सांगतात.”

सगळे सांगत होते ते निखिलच्या विज्ञानाच्या वहीवरून. त्या वहीतल्या आकृत्या कुणी काढल्या हे शाळा सोडून सगळ्यांना माहीत होतं.

“करते की,” सरोजिनी म्हणाली. “किती पानं?”

“तुम्ही ठरवा. पण महाराष्ट्र सगळा आला पाहिजे हं. परवा आमच्या मयूरने विचारलं, ‘डॅडी, महाराष्ट्र इज इन पुणे?’ आता काय सांगणार?”

“अगदीच चुकीचं नाही, असं वाटलं असेल तुम्हाला.”

राजाभाऊ मोठ्याने हसले. फोनवर कुणाला हसवून सरोजिनीला बरेच दिवस झाले होते.

आता तिच्याकडे आधीपासून काय होतं तेही सांगायला हवं. तिच्याकडे सुमंगला होती.

सुमंगला खालच्या मजल्यावरची. नवरा बसवराज शुएबाच्या रिफायनरीत तंत्रज्ञ, शिवाय कन्नड लोकांचा जो संघ इकडे आहे त्याचा चिटणीस. एक मुलगी, स्फूर्ती, दुसरीतली. दोघींची गाठ पडली ती लिफ्टमध्ये. सुमंगलाच्या हातात शहापूरच्या एका कापडदुकानाची पिशवी होती. सरोजिनी पिशवीकडे बघतच राहिली, सुमंगलाचा मजला आला तशी तिच्या मागोमाग तिथेच उतरली. शहापूर म्हणजे बेळगावचं शहापूर. सरोजिनीचं माहेर तिथल्या विणकरांच्या गल्लीत, सुमंगलाचं पलीकडे वडगावात. मध्ये चालत जायचं अंतर. एक मराठी, एक कानडी. गावात असत्या तर एकमेकींकडे ढुंकून बघितलं नसतं. पण मंगफच्या लिफ्टमध्ये माणूस एवढा श्रीमंत नसतो.

बेळगावच्या मराठी बायका स्वतःबद्दल ‘आलो, गेलो, खाल्लो’ म्हणतात. पुण्याच्या बायकांना त्याचं हसू येतं, म्हणून मेळ्यात सरोजिनी सावधपणे ‘आले, गेले’ म्हणायची. दिवसभर घट्ट चपला घालून हिंडल्यासारखं. त्या चपला ती फक्त दुपारी काढायची, शाळेची बस आल्यावर, स्फूर्ती दप्तरासकट वर आली आणि तिच्या मागोमाग सुमंगला चहाला आली की. दारातूनच सुमंगला विचारायची, “ऊट आयता, अक्का?” म्हणजे जेवलीस का. सरोजिनी म्हणायची, “कवाच जेवलो. तू बस की.” मग दोघी कपिलेश्वराच्या देवळापासून सुरुवात करून सगळं गाव पायी फिरून यायच्या. बाहेर धुळीने आकाश पिवळं झालेलं असायचं, समोरच्या इमारती दिसत नसायच्या. त्यांना त्या बघायच्याही नसायच्या.

रंगवहीचं काम सरोजिनीने मनापासून केलं. शेकरू काढलं, ताम्हणाचं फूल काढलं, पैठणीचा पदर, अजिंठ्याचं लेणं, डोंगरी किल्ला, हापूसची पेटी. आणि मधल्या पानावर नकाशा. आत ठिकठिकाणी छोटी चित्रं, पोरांना ओळखता यावीत अशी : नागपूरला संत्रं, नाशिकला द्राक्षं, रत्नागिरीला आंबा, कोल्हापूरला चप्पल.

नकाशा तिने कशावरून उतरवला नाही. हाताला पाठ होता. आता कुठला पाठ होता, तर बेळगावच्या मराठी घरांतल्या मुलांना लहानपणी दोन नकाशे दिसतात. शाळेच्या पुस्तकातला वेगळा आणि घरच्या भिंतीवरचा वेगळा. बेळगाव कर्नाटकात गेलं हे शाळेच्या नकाशाला मान्य, घरच्या नकाशाला नाही. एक नोव्हेंबरच्या काळ्या दिवसाला सरोजिनी वडिलांच्या खांद्यावर बसून मिरवणुकीत गेलेली होती. पुढे लग्न झालं, कुवेत झालं, ते सगळं मागे पडलं, पण हाताला भिंतीवरचाच नकाशा येत होता. कोल्हापूरशी वळायचं सोडून रेघ खाली उतरली आणि बेळगावाला वळसा घालून मग वर गेली. कोल्हापूरच्या खाली जागा मोकळी दिसली म्हणून तिने तिथे एक वाटी काढली. कुंद्याची, बेळगावच्या मिठाईची. पुण्याच्या माणसाला रेघ चुकल्याचं कळलंही नसतं. ही चूक करायला बेळगावात जन्म घ्यावा लागतो.

दुपारी सुमंगला आली. टेबलावरची पानं उलटत नकाशावर थांबली.

“अक्का, ही वाटी कसली?”

“कुंदा.”

“म्हणजे बेळगाव?” सुमंगलाने पान उचलून डोळ्यांजवळ नेलं. “अगे, मला न विचारता महाराष्ट्रात नेलीस होय? माझं माहेरसुद्धा? सामान तरी बांधू द्यायचीस.”

सरोजिनीने जीभ चावली. “हात गेला बघ. थांब, पुसतो.”

“असूंदे की. वाटी झकास आलीया. दिवसा तुमच्यात ऱ्हाऊंदे, रात्री आमच्यात झोपायला पाठव.” मग आवाज उतरवून म्हणाली, “आमच्या ह्यांना तेवढं दाखवू नको. त्यांना वाटी दिसायची नाही, रेघच दिसंल.”

दोघी इतक्या हसल्या की आतल्या खोलीतून स्फूर्ती धावत आली. बेळगावचा प्रश्न त्या दुपारी मंगफमध्ये, चहा निवायच्या आत सुटला होता. पण सुटलेला प्रश्न कुणाच्याच कामाचा नसतो.

शेजारच्या फहाहीलला, रफीकच्या झेरॉक्सच्या दुकानात वह्यांच्या प्रती निघाल्या, पिना मारून झाल्या, आतल्या पानावर ‘चित्रे : सौ. सरोजिनी महादेव हलगेकर’ असं छापून आलं. मेळा दर शुक्रवारी पोरांसाठी मराठीचा वर्ग घेतो, तिथे वाटप झालं. स्फूर्तीलाही एक मिळाली. ती कानडी असली तरी वर्गाला यायची, कारण सगळ्या मैत्रिणी यायच्या. त्याच दुपारी तिने वर येऊन नकाशा रंगवला. वाटी जांभळी केली, कारण तिला जांभळा आवडायचा, आणि वाटीच्या शेजारी मनानेच एक घर काढलं, दारात तुळस, खिडकीत तोंड.

“हे कोण गं?” सरोजिनीने विचारलं.

“अज्जी. शी इज वेटिंग.”

तोवर वर्गातल्या वह्यांपैकी एक शैलेशच्या हाती पडली होती. शैलेश नाशिकचा, तरुण, इन्स्ट्रुमेंट इंजिनियर, मेळ्याचा सहसचिव. कुवेतला येईपर्यंत त्याने बेळगाव रेल्वेच्या वेळापत्रकातसुद्धा बघितलं नव्हतं. पण सहसचिवाला सचिव व्हायचं असतं आणि त्यासाठी एखादा प्रश्न लागतो. त्याला वाटीत तो सापडला. पुढच्या शुक्रवारी वर्ग सुटताना, पालक पोरांना न्यायला आलेले असताना, तो खुर्चीवर चढला.

“मंडळी, आपण नुसते पोहे खातो! आणि या वहिनींनी, काही गाजावाजा न करता, एका पानावर सीमाभाग परत आणला! वहिनी, मानलं तुम्हाला!”

टाळ्या पडल्या. बऱ्याच जणांना कशासाठी ते कळलं नव्हतं, तरी पडल्या. खरं म्हणजे सरोजिनीने तिथेच सांगायचं, बाबारे, हात गेला. पण ती नुसती हसली. इतक्या माणसांनी आपल्याकडे एकदम बघितल्याला किती काळ लोटला होता! बायका जवळ आल्या, कुणी तिला ‘सरोजिनीताई’ म्हणालं. मिळायचं होतं ते सगळं तिला त्या वीस पावलांच्या खोलीत मिळालं, आणि ती ते घेऊन घरी गेली.

शैलेशने नकाशाचं पान मोठं करून घेतलं आणि फहाहीलच्या भारतीय किराणा दुकानाच्या दारात चिकटवलं, खाली लिहिलं, ‘आमचा महाराष्ट्र’. त्या दुकानात आठवड्याची भाजी घ्यायला मराठी येतात, मल्याळी येतात, तसे कानडीही येतात.

संध्याकाळपर्यंत राजाभाऊंच्या घरी कन्नड संघाच्या अध्यक्षांचा फोन आला. भाषा सभ्य होती, म्हणजे परिस्थिती गंभीर होती. पोरांच्या रंगवहीत राजकारण कशाला? आमच्या चिटणिसाच्या मुलीकडून तुम्ही बेळगाव रंगवून घेतलंत, हे तुम्हाला शोभतं का? राजाभाऊंना घाम फुटला. दिवाळीचं जेवण दोन्ही मंडळांचं एकत्र असायचं आणि आचारी त्यांचा होता. शिवाय भीती दुसरीही होती. या देशाला आठ वर्षांपूर्वी शेजाऱ्याने आपल्या नकाशात घालून टाकलं होतं. इथे नकाशावरचे विनोद कुणाला आवडत नाहीत. परदेशी माणसांची मंडळं नकाशावरून भांडतात असं कुणी वर कळवलं, की मेळा गेला, अध्यक्ष गेले.

सरोजिनीच्या मनाला मात्र एकच फोन लागला, तो खालच्या मजल्यावरून आलेला.

“अक्का, चार दिवस वर-खाली नको,” सुमंगला हळू आवाजात बोलत होती. “ह्यांच्या मित्रांनी टोचलं म्हणे, ‘सेक्रेटरीच्या पोरीनं गाव देऊन टाकलं’. डोस्कं तापलंय. पोरीला वर सोडू नको म्हणालेत. थंड झालं की आलोच मी. चहा काढून ठेव.”

“अगे, पण मी मुद्दाम…”

“मला सांगालीस होय? मी बघितलो की. गप बस जरा. होतंय सगळं.”

एवढं स्पष्ट सांगितलं होतं. गप बसायचं होतं फक्त. पण गप बसणं ही गोष्ट भरलेल्या घरात सोपी असते. दुपारी शाळेची बस खाली थांबायची, पोरांचा गलका व्हायचा, लिफ्ट वर यायला निघायची आणि एक मजला आधीच थांबायची. दार उघडल्याचा आवाज, दार लागल्याचा आवाज. मग एसीची घरघर. सरोजिनी चहा टाकायची आणि उतू जायच्या आत बंद करायची. टाळ्या वाजवणाऱ्या बायकांपैकी कुणी फोन केला नाही. त्यांची पोरं परीक्षेत गुंतली होती. पुण्याला फोन लावला तर निखिल म्हणाला, “आई, रांगेत आहेत माझ्या मागे. काही विशेष आहे का?” विशेष काही नव्हतं.

महादेवला तिने विचारलं, “येईल ना हो ती?”

“येईल.”

“कधी?”

महादेवने बराच विचार केला. “ज्या मालावर वाद आहे त्याला आम्ही हात लावत नाही,” तो म्हणाला. “तसाच ठेवतो. वाद मिटतो, माल राहतो.” त्याच्या मानाने हे भाषण होतं. सरोजिनीने ते ऐकलं आणि सोडून दिलं, कारण मालाला दुपार नसते.

मेळ्याची बैठक राजाभाऊंच्या दिवाणखान्यात झाली. वह्या आता पोरांनी रंगवून परत दिल्या होत्या, परीक्षणासाठी. नव्याने छापायच्या म्हणजे पोरांची मेहनत वाया.

“मधलं पान फाडून टाकू,” कुणीतरी म्हणालं.

“फाडा की!” शैलेश उसळला. “महाराष्ट्र दिनाला महाराष्ट्रच फाडा! मग मी मेळ्यात राहत नाही, आत्ताच सांगतो.”

“अरे, शांत हो. चहा घे.” राजाभाऊंनी त्याच्यापुढे कप सरकवला आणि टीपॉयवरचं मुंबईहून आलेलं मासिक त्याच्या वाटेतून बाजूला केलं. त्या मासिकाच्या मुखपृष्ठावरच्या नटीला इथल्या नेमाप्रमाणे गळ्यापासून खाली काळ्या मार्करने झाकलेलं होतं. कुवेतात येणारी सगळी मासिकं अशीच येतात. आम्हाला आता ते दिसतही नाही. राजाभाऊंना त्या दिवशी दिसलं.

“असं करू या ना,” ते उजळून म्हणाले. “फाडायचं नाही, बदलायचं नाही. मार्कर मारायचा. तिला गळ्याखाली, आपण कोल्हापूरच्या खाली.”

कुणी हसलं नाही. सगळ्यांना पटलं. एवढी वर्षं ज्या देशात राहिलो तिथली एक तरी पद्धत शिकलो होतो. शैलेश तणतणत उठून गेला; पण त्याचा चहा संपलेला होता.

“पण बसून करणार कोण?” राजाभाऊंनी विचारलं. सगळे एसीकडे बघायला लागले.

“मी करते,” सरोजिनी म्हणाली.

तिचा हिशोब सरळ होता. रेघ गेली की भांडण गेलं, भांडण गेलं की बसवराजचं डोकं थंड, आणि डोकं थंड झालं की लिफ्ट एक मजला वर येईल. ज्या हाताने चूक केली त्याच हाताने निस्तरली म्हणजे सुमंगलालाही बरं वाटेल.

गुरुवारी दुपारी ती खोकं पुढे घेऊन बसली. कुणी बेळगाव हिरवं केलं होतं, कुणी वाटीत आइस्क्रीम भरलं होतं. मार्करचा उग्र वास खोलीभर झाला. काळं करायचं म्हणजे नुसती रेघ चालेना, खालून दिसायची. सगळा कोपरा भरून काढावा लागे. हात बसला तसं काम भराभर होऊ लागलं. मग स्फूर्तीची वही आली. जांभळी वाटी. शेजारी घर, दारात तुळस, खिडकीत वाट बघणारी अज्जी.

ती थांबली. ही एक सोडून द्यावी, असं तिच्या मनात आलं. पण बसवराज पहिल्यांदा उघडून बघेल ती हीच वही. जिच्यासाठी सगळं चाललंय तिचीच राहिली तर काय उपयोग? वाटी झाकायला गेलं तर घर झाकलं जात होतं, इतकी ती दोन्ही चिकटून होती. सरोजिनीने घरासकट कोपरा काळा केला आणि पान वाळायला उघडं ठेवलं.

एक मेला हॉल सजला होता. राजाभाऊंनी कन्नड संघाच्या कार्यकारिणीला खास बोलावलं होतं आणि ते आले होते. बसवराज आला, त्याच्या मागे सुमंगला आणि स्फूर्ती. सरोजिनीने लांबून बघितलं आणि तिचा जीव भांड्यात पडला. हिशोब बरोबर आला होता. महाराष्ट्र दिनाला तिने कानडी मुलखातलं इरकल नेसलं होतं. सुमंगला बघितल्याबरोबर काहीतरी टोमणा मारणार, तो ऐकायला ती खांबाजवळ उभी राहिली.

वह्या लांब टेबलावर, मधलं पान उघडून मांडल्या होत्या. आधी बसवराज पोहोचला. त्याच वेळी, यायचं नाही म्हणालेला शैलेश पलीकडून पोहोचला.

“बेळगावला काळं फासलं!” शैलेश ओरडला.

“आमच्या गावाला काळं?” बसवराज हिंदीत ओरडला. “हे काय, अशुभ?”

दोघांचं एकमत होण्याची ती पहिलीच वेळ. राजाभाऊ दोघांच्या मध्ये उभे राहून दोघांनाही ‘गैरसमज, गैरसमज’ म्हणत राहिले.

त्या गडबडीत स्फूर्तीने आपली वही शोधली. तिने काळ्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं, बोट बघितलं, आणि मग आईकडे वळून विचारलं, “व्हेअर इज अज्जीज हाऊस?”

ओरडली नाही, रडलीही नाही. फक्त विचारलं. सुमंगलाने पान बघितलं, वही मिटली आणि सरळ खांबाजवळ आली.

“कुणी केलं गे हे?”

“मी,” सरोजिनी म्हणाली. “तुझ्यासाठीच. हे गेलं की तुझे ते तुला वर सोडतील म्हणून…”

“मी तुला काय म्हणालो होतो? चार दिवस थांब म्हणालो. ह्यांचं डोस्कं कालच थंड झालेलं. उद्या येणार होतो मी.” सुमंगलाचा आवाज चढला नव्हता, चढला असता तर बरं झालं असतं. “चहा काढून ठेव म्हणालो, गाव पुसून ठेव म्हणालो नाही.”

“अगे, पण ती रेघ माझीच चूक…”

“रेघेचं कोण बोलालंय? रेघ कुणाच्यातबी जाऊंदे. तिथं होतं की ते. माझ्या पोरीनं माझ्या आईचं घर काढलेलं. त्या खुर्चीवरच्यानं पुसलं असतं, ह्यांनी पुसलं असतं, तर मी हसलो असतो. त्यांना काय माहिती तिथं काय हाय! तुला माहिती होतं. तुला गल्लीसकट माहिती होतं.”

सरोजिनीला सांगायचं होतं की दुपारी फार शांतता असते. पण हॉलमध्ये मधोमध उभं राहून असं काही सांगता येत नाही.

“होगली बिडु, अक्का,” सुमंगला म्हणाली. जाऊ दे, सोड. दुपारी हे शब्द ती रोज म्हणायची, पुढे चहाचा कप करत. आज हातात वही होती. ती मुलीचा हात धरून निघून गेली.

स्फूर्तीला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं, राजाभाऊंनी घाईघाईने वाढवलेलं. रंगीत पेन्सिलींची ती पेटी द्यायला सरोजिनी दुसऱ्या दिवशी जिन्याने खाली गेली. दार पोरीने उघडलं.

“ममी इज स्लीपिंग, आंटी,” ती म्हणाली. आत कुकरची शिट्टी झाली. दोघींनी ती ऐकली. पोरीने पेटी घेतली, ‘थँक्यू’ म्हटलं आणि दार लावलं, हळूच, आवाज होऊ न देता.

थंडी सुरू व्हायच्या आत बसवराजने दूरच्या वस्तीत, सलव्याला, मोठा फ्लॅट घेतला. सामान उतरत होतं तेव्हा लिफ्ट सारखी खालीच अडकलेली होती.

आता कुणाला काय पडलं ते बघू. राजाभाऊ पुढच्या निवडणुकीत बिनविरोध आले, कारण शैलेशने मेळा सोडून स्वतःचा नवा मेळा काढला आणि त्यात तो एकदम अध्यक्षच झाला. बसवराजला संघाच्या सभेत वाचून दाखवायला एक दिलगिरीचं पत्र मिळालं. दिवाळीचं जेवण एकत्र झालं, आचारी तोच, जिलबी जरा कडक. पुढच्या वर्षी रंगवही पुन्हा निघाली, नकाशाचं पान वगळून. चित्रं कुणाची ते छापायचं राहून गेलं. बेळगाव होतं तिथेच आहे, आणि आपल्यावरून मंगफमध्ये काय झालं याची त्याला दादही नाही. या सगळ्यांतल्या कुणालाच काही भरावं लागलं नाही. भरलं ते एका पोरीने आणि दोन बायकांनी. पोरीचं लवकर फिटलं. सलव्याच्या शाळेत तिला नव्या मैत्रिणी मिळाल्या आणि ती विसरली. उरलेलं त्या दोघी भरतायत, एक मंगफमध्ये आणि एक सलव्यात, दुपारच्या वेळी, ज्या वेळी दोघींच्याही घरी दुसरं कुणी नसतं.